पानावर राहिलेली सुपारी

आमच्या वाडीची बैठक बसायची देवळाच्या पुढं, आणि ठरायचं ते देवळाच्या मागं. नव्या माणसाला हे समजत न्हाई, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

विषय काय बी असू दे. ओढ्याचं पाणी आधी कुणाच्या मळीत, शिगम्याला पहिला मान कुणाचा, रानडुकरं हाकलायला माळ्यावर कुणी बसायचं. बोलून बोलून माणसांचे घसे सुकले की बुधवंत उठायचा. बुधवंत म्हणजे बैठकीचा म्होरक्या. तो मागल्या पडवीत केळीचं पान टाकायचा आणि त्याच्यावर घराला एक अशा सुपाऱ्या मांडायचा. मग एकेका घरचा कर्ता माणूस एकटाच मागं जायचा. पटलं असलं तर आपल्या घरची सुपारी उचलून कनवटीला लावायची. पटलं नसलं तर तशीच ठेवायची आणि काय झालंच न्हाई असं तोंड करून परत येऊन बसायचं. सगळे झाले की बुधवंत पान पुढं आणायचा. पान रिकामं असलं तर ठरलं. एक जरी सुपारी राहिली तरी ठरलं न्हाई. कुणाची राहिली हे विचारायचं न्हाई. बुधवंत नुसतं म्हणायचा, "पानावर हाय. पुन्हा बसू."

आता पुन्हा बसेपर्यंत जे व्हायचं तीच खरी बैठक. कुणाच्या मनात काय हाय ते शोधत माणसं एकमेकांच्या घरी जायची. पेज प्यायची, सुका बांगडा भाजून खायची, गुरांबद्दल बोलायची. मूळ विषय कुणी काढायचं न्हाई, पण तो सगळ्या बोलण्याच्या खालून वाहत असायचा. आणि कधीतरी एका बैठकीला पान रिकामं निघायचं. न्हाईतर विषयच वाळून जायचा.

माझ्या तरुणपणी एक ठेकेदार आला होता. देवराईतली किंदळाची जुनी झाडं द्या, देवळाला नवी कौलं घालून देतो म्हणाला. सगळे राजी. माझा बाप राजी, मी बी राजी, देवळाला गळती होती. पान पुढं आलं तर एक सुपारी. पुन्हा बसलो, पुन्हा एक. भात पेरलं, लावलं, कापलं, मळलं, तरी ती एक सुपारी काय उठेना. शेवटी ठेकेदार कंटाळून दुसऱ्या गावाला गेला. कुणाची ती सुपारी, हे मला आजपावेतो ठाऊक न्हाई. किंदळ मात्र उभे हायत. आता बाहेरची माणसं त्यांचे फोटो काढायला येतात.

सांगायचं ते इतकंच, की आमच्यात तोंडावर न्हाई म्हणायची रीत न्हाई. ताटात भात पडू लागला तर आम्ही "नको" म्हणत न्हाई, ताटावर हात आडवा धरतो. पोरीला मागणं आलं आणि पोरगा पसंत नसला तर "बघू की" म्हणतो आणि त्या वाटेनं पुन्हा जात न्हाई. समोरच्याला कळतं. कुणाचा अपमान होत न्हाई. गप्प बसणं हीच आमची न्हाई.

ह्याच गोष्टीनं आमचा घात होणार होता.

आमची वाडी नंदिगड्ड्याच्या बी पलीकडं, जंगलात. पूर्वी माणूस आजारी पडला की डोली. जाड बांबूला घोंगडं बांधायचं, त्यात माणूस ठेवायचा आणि रस्त्यापर्यंत पोचवायचा. मी तरण्या वयात डोलीचा पुढला खांदा धरायचो. मागला खांदा माझ्या एका सोबत्याचा. तो उळवीच्या वाटेवरल्या वाडीतला, उंचीनं माझ्याइतकाच, म्हणून आमची जोडी. डोलीला उंची जुळावी लागते, न्हाईतर आतला माणूस घरंगळतो. खांदा बदलायचा असला तर मी नुसता खाकरायचो, की त्याला कळायचं. किती माणसं आम्ही अशी नेली. काही वाटेत बोलायची, पाणी मागायची. काही मधेच बोलायची थांबायची, आणि आम्ही दोघं काय न बोलता पाय उचलायचो. तो घाट, तो घाम, घोंगड्याचा वास, ऐनाच्या पानांवरून ठिबकणारं पाणी. आज ते सगळं आठवलं की ऊर भरून येतो. डोली चांगली होती असं मी म्हणत न्हाई. खांदा चांगला होता.

मग एका शहरातली संस्था आली. औषधं द्यायची, बियाणं द्यायची. मी त्यांच्या अध्यक्षाच्या घरी गेलो आणि सांगितलं, औषधं असू देत, जीप द्या. साहेब म्हणाले, "बघू, समितीपुढं ठेवतो." मी त्यांच्या पायरीवर बसलो. जेवायला बोलावलं तरी उठलो न्हाई. मी मराठी शाळेत दुसरीपर्यंतच गेलो, पण बसायला मला कुणी शिकवायला लागत न्हाई. शेवटी साहेबांची बायकोच वैतागली. "त्या म्हाताऱ्याला जीप तरी द्या, नाहीतर मला माहेरी तरी पोचवा!" जीप आली. आमच्या शाळेजवळच्या जांभळीखाली ती उभी राहायची. ड्रायव्हर शाळेच्या पडवीत राहायचा आणि आळीपाळीनं एकेका घरी जेवायचा.

माझ्या बायकोला दमा. पावसाळ्यात छातीत अशी शिट्टी वाजते, की बाहेरच्या माणसाला वाटावं कुणी पावरी वाजवतंय. त्या जीपनं तिला जोयड्याच्या दवाखान्यात वेळेवर नेलं, आणि एकदा न्हाई, बऱ्याचदा नेलं. जीप दारात होती म्हणून नेलं. कारण आमच्या वाडीत मोबाईलला रेंज न्हाई. रेंज पायजे तर वरच्या सड्यावर, उघड्या कातळावर चढायचं. पावसात तर टॉवरच बंद पडतो, मग सड्यावर बी काय न्हाई. लांबची जीप बोलवायची कशी? खाकरून?

पुढं ते अध्यक्ष थकले, आणि संस्था नव्या पोरांच्या हातात गेली. त्यांची एक पोरगी आमच्याकडं यायची, हुबळीकडची, चष्मेवाली, चालायला तयार, जळवांना न भिणारी. देवळापुढं सगळ्यांना बसवून ती म्हणाली, "आज्जा, आता आमच्या संस्थेत अध्यक्ष नाही आणि समिती पण नाही. जेवढी गावं तेवढी सगळी मिळून ठरवणार. घराला एक टोकन. फोनवर ठराव येतो, पटला तर 'हो', नाही पटला तर 'नाही' दाबायचं."

मी विचारलं, "आणि कुणी मागाहून फिरवाफिरव केली तर?"

"करताच येत नाही. झालेला ठराव एका जागी लिहिलेला नसतो. खूप मशीनांवर एकाच वेळी लिहिलेला असतो. पुढचा ठराव मागच्याला साखळीसारखा बांधलेला असतो. एकानं आपलं मशीन खोटं केलं, तर बाकीची सगळी म्हणतात, हे खोटं. ह्याला ब्लॉकचेन म्हणतात."

"म्हणजे शेताच्या बांधाला जेवढे शेजारी तेवढे साक्षीदार," मी म्हणालो. "एकाला फितवून दगड सरकवला, तर बाकीचे काठ्या घेऊन येतात."

"अगदी बरोबर, आज्जा!"

"मग हे नवीन काय हाय त्यात? हे आमच्याकडं कधीपासून हाय." सगळे हसले. ती बी हसली. पण खरं सांगतो, मला ते पटलं होतं. माझ्या मामाचं गाव सुप्याच्या पाण्याखाली हाय. काळी नदीचं पाणी धरणानं अडलं तेव्हा ठरलं ते लांब कुठंतरी ठरलं, आणि मामा पेटी डोक्यावर घेऊन रामनगरला गेला. मरेपर्यंत तो सांगायचा, मला कुणी एका शब्दानं विचारलं असतं तरी मी उठलो असतो, पण विचारायचं की. तेव्हा घराघराला विचारणार म्हटल्यावर मी म्हणालो, चांगलं हाय, येऊ दे.

फक्त एक पण केला, की त्या काचेला मी बोट लावणार न्हाई. आमच्या घरचं टोकन सुनेच्या फोनमध्ये बसलं.

पहिले ठराव साधे होते. बियाणं कुठलं, आरोग्य शिबिर कुठं. सून सड्यावर गवताला जायची तेव्हा "हो" दाबून यायची. मग ह्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला ठराव आला, की जीप आमच्या वाडीतनं उचलून कायमची जोयड्याला ठेवावी. तिथून जास्त गावांना जवळ पडेल, दुरुस्ती बी तिथंच, ड्रायव्हरचं घर बी तिथंच. ठराव कुणी वाईट हेतूनं मांडला नव्हता. रस्त्याकडेच्या वाड्यांना रेंज हाय, त्यांनी हाक मारली तर जोयड्याहून जीप लगेच पोचते. आमच्याकडं आधी माणूस धाडावा लागतो, मग जीप तिकडं जाते, त्यात वेळ लागतो, हे बी खरं.

सुनेनं ठराव वाचून दाखवला. मी काय बोललो न्हाई. बायको चुलीपुढं होती, ती काय बोलली न्हाई. सून माझ्याकडं बघून म्हणाली, "समजलं," आणि फोन फळीवर ठेवून दिला. शेजारच्या घरी तेच झालं. त्याच्या पलीकडच्या घरी तेच. वरल्या आळीत, खालच्या आळीत, आमच्यासारख्या आतल्या साऱ्या वाड्यांत कुणी फोनला हात लावला न्हाई. सगळी माणसं निवांत झोपली. इतक्या सुपाऱ्या पानावर राहिल्यावर ठराव कसला होतोय?

थोड्या दिवसांनी ड्रायव्हर जेवायला आला तो खाली मान घालून. बायकोनं विचारलं, "काय रं, भाकरी जाईना व्हय?"

"आज्जी, मिरग लागला की मला जोयड्याला जायचंय. ठराव पास झाला की."

"पास? कुणी केला पास?"

"सगळ्यांनी. विरोधात एक बी मत न्हाई."

मी ताटावरून उठलो. चुकीचं असंल म्हणून सुनेला घेऊन सड्यावर चढलो, आणि तिथून त्या पोरीला फोन लावला. तिनं सगळं बघून सांगितलं. ज्यांनी दाबलं त्यांच्यातलीच मतं मोजतात. ज्यांनी दाबलं न्हाई ते नव्हतेच असं धरतात.

"नव्हतेच म्हणजे?" मी म्हणालो. "आम्ही हितंच होतो. आम्ही गप्प होतो."

"गप्प म्हणजे गैरहजर, आज्जा."

"आमच्यात गप्प म्हणजे न्हाई."

 ती हळू म्हणाली, "हे मला कुणी सांगितलं नव्हतं हो."

कोण सांगणार? पाण्याला ओलं म्हणतात, हे कुणी सांगत बसतंय? पहिल्या दिवशी मोजायची रीत तिनं सांगितली होती, ते बी मला नंतर आठवलं. आम्ही ऐकलं होतं, पण आमच्या कानांनी ऐकलं होतं.

मी म्हणालो, "मग पूस तो ठराव."

"पुसता येत नाही. मलाही नाही, कुणालाच नाही. तारीख आली की डिझेलचे पैसे आपोआप जोयड्याच्या पंपाला जाणार. त्याला कुणाची सही पण लागत नाही."

"मग कुणाच्या दारात बसू, ते तरी सांग."

"दार नाही, आज्जा. अध्यक्ष आता तुम्हीच सगळे."

त्या दिवशी सड्यावर उभा राहून मला त्या जुन्या अध्यक्षाच्या पायरीची आठवण झाली. घासून गुळगुळीत झालेला काळा दगड, शेजारी तुळस, आणि आतनं येणारा फोडणीचा वास. माणूस चुकला तर त्याच्या पायरीवर बसता येतं. त्याची बायको आपल्या बाजूनं भांडते. साखळीला पायरी न्हाई, आणि बायको बी न्हाई.

पण एक वाट होती, ती त्या पोरीनं सांगितली. झालेला ठराव अमलात यायच्या आधी थांबायचा काळ असतो. तेवढ्यात सगळ्या गावांतल्या एकूण घरांपैकी तिसरा हिस्सा घरांनी "नाही" दाबलं, तर ठराव पडतो. मिरग लागायच्या आत. "पण आज्जा, दाबावं लागेल. आणि कुठल्या घरानं 'नाही' म्हटलं ते सगळ्या गावांना दिसेल. कायमचं."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती शेगडीवरल्या पाण्याची वाफ नाकानं ओढत होती, डोक्यावर पदर घेऊन. पदराच्या आतूनच म्हणाली, "माझ्यासाठी गावोगाव वाईटपणा घेऊ नका. माझं काय, आज हाय उद्या न्हाई."

"तू गप्प बस," मी म्हणालो.

"गप्प बसले की ती पोरगी मला नव्हतीच म्हणून धरणार," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिला जी ढास लागली, ती ऐकून मी तिथंच ठरवलं.

एका सकाळी सगळ्या आतल्या वाड्या सड्यावर चढवल्या. म्हातारे, बायका, कडेवरची पोरं. ती पोरगी बी आली, तांबडीलाल होऊन. सगळे कातळावर बसले, फोन काढले, आणि मग कुणी काय करेना. एकमेकांकडं बघायला लागले.

वरल्या आळीतला एकजण म्हणाला, "ही पोर इतक्या उन्हात चढून आली, आणि तिच्या तोंडावर न्हाई म्हणायचं?"

"मामा, मला नाही म्हणत तुम्ही! ठरावाला म्हणताय!"

"पण फोन तुमचाच की."

"फोन तुमचाच आहे, मामा!"

"अप्लिकेशन तुमचं," तो म्हणाला, आणि हात मांडीखाली घेतला.

एक म्हातारी म्हणाली, "त्या दगडाआड एकेकानं जाऊन दाबलं तर?"

"तरी घराचा नंबर दिसणारच, आज्जी."

"मग दगडाचा काय उपयोग!"

बराच वेळ असाच गेला. ऊन चढलं. शेवटी माझी बायको म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "आमच्या घरचा पुरुष जन्मभर पुढला खांदा धरत आला म्हणतात. आता कुठं गेला कोण जाणे."

मी उठलो. सुनेच्या हातातनं फोन घेतला. काचेवर दोन चौकोन होते, एक हिरवा, एक तांबडा. तांबड्यावर बोट ठेवलं. काय झालं न्हाई. पुन्हा दाबलं, जोरात. काय न्हाई. कुऱ्हाड आणि कोयता धरून माझी बोटं इतकी चरबट झालीत, की काचेला ती माणसाची वाटेनात.

"फोडशीला, मामंजी," सून म्हणाली.

"थुंकी लावा," बायको म्हणाली.

थुंकी लावली. लागलं. बारीक आवाज झाला आणि आमच्या घराचा नंबर तांबड्या अक्षरात वर आला. सत्तर पावसाळे काढले मी, पण कुणाच्या तोंडावर न्हाई म्हटलेलं ते पहिलंच.  मग बाकीचे उठले. एकेकजण आधी त्या पोरीपुढं जायचा, "राग मानू नको हां, बाळा," म्हणायचा, आणि मग दाबायचा. एका बाईनं तर तिला आधी करवंदं दिली, मग न्हाई दिली. पोरीनं चष्मा काढून डोळे पुसले. हसत होती की रडत, मला कळलं न्हाई.

सगळ्यांचं झाल्यावर तिनं बघितलं. "थोडी घरं कमी पडतात," ती म्हणाली.

आतली घरं संपली होती. आता राहिल्या होत्या रस्त्याकडेच्या वाड्या, ज्यांचा जोयड्याच्या जीपनं फायदा होता त्या. त्यातली एक माझ्या सोबत्याची.

मी त्याच्याकडं चालत गेलो. उळवीच्या जत्रेला जाताना पूर्वी आम्ही बैलगाडी त्याच्याच अंगणात सोडायचो. आता जत्रेला गाड्या फारशा जात न्हाईत, माणसं मोटारीनं जातात. तो ओटीवर बांबूची कामटी तासत बसला होता. पाठीत वाकलाय आता. मी सरळ हाय. आता आम्हाला एका डोलीला लावलं तर आतला माणूस घरंगळंल.

पेज झाली, कोकमाचं सार झालं. गुरांचं बोलणं झालं. मग मीच म्हणालो, कारण आता न बोलून चालणार नव्हतं, "जीपचं ऐकलं असशील."

"ऐकलं."

"तुझ्या वाडीतल्या काही घरांनी न्हाई म्हटलं, तर जीप आमच्याकडं राहते. वहिनीचा दमा तुला ठाऊक हाय."

त्यानं कोयती खाली ठेवली. आतल्या दाराकडं बघितलं. तिथं त्याची सून तांदूळ निवडत होती, पोटुशी. आवाज बारीक करून तो म्हणाला, "हिचं पहिलं वाटेतच गेलं. जीप तुमच्याकडून निघून हितं येईपर्यंत. तुला ठाऊक न्हाई. सांगितलं न्हाई तुला."

मला खरंच ठाऊक नव्हतं. मी त्याच्याकडं बघितलं, तर तो पुन्हा कामटी तासायला लागला होता.

"हिचे दिवस कधी भरतात?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर."

त्याच्या पुढं तो काय बोलला न्हाई. मी बी न्हाई. गप्पच उठलो. तो ओटीवरून उतरला न्हाई. गप्प म्हणजे काय ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. घरी येताना त्या रानाच्या वाटेनं मी थांबत थांबत आलो. त्याच वाटेवर पूर्वी मी खाकरलो की मागून खांदा बदलायचा. त्या दिवशी बी एकदा खाकरलो, धुळीनं. मागं कुणी नव्हतं.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही मागायलाच जायला नको होतं." थोड्या वेळानं म्हणाली, "पावसाळा माझा वाईट. तिचं दिवाळीनंतर हाय. मग भांडण कशाचं? दसऱ्याला जीप जाऊ दे की तिकडं."

"थंडीत बी तुझी छाती भरते."

"थंडीचं मी बघून घेईन."

"न्हाई," मी म्हणालो.

"आता सवय लागली वाटतं न्हाईची," ती म्हणाली. "सड्यावर सगळ्यांपुढं पुढला खांदा धरलात. आता हितं मागला धरा."

दुसऱ्या दिवशी सून सड्यावर गेली आणि तिनं आमच्या घराच्या नंबरानं नवा ठराव मांडला. मिरगापासून दसऱ्यापर्यंत जीप आतल्या वाडीत, दसऱ्यापासून शिगम्यापर्यंत उळवीच्या वाटेवर, पुढं पुन्हा बसून ठरवू. त्या पोरीनं तो नीट शब्दांत घालून दिला, आणि तिच्या मनानं खाली एक ओळ जोडली, की ज्या घरांनी काहीच दाबलं नाही, त्यांच्या घरी कुणीतरी जाऊन विचारल्याशिवाय ठराव धरायचा नाही. तिथं गप्प बसणाऱ्याला पहिल्यांदा जागा मिळाली. ती ओळ आता त्या साखळीत हाय म्हणतात, निघत न्हाई. मी विचारलं, मग अशानं तुमचा ठराव कधी होणार? म्हणाली, "हळू होईल, आज्जा. होऊ दे." पोर सुधारली म्हणायचं, की बिघडली, देव जाणे.

मिरग लागायच्या आधी एक दिवस ड्रायव्हर पिशवी भरून बसला होता. सून सड्यावरून उतरताना लांबूनच ओरडत आली, पिशवी सोड म्हणून. माझ्या सोबत्याच्या वाडीतून घरांची मतं आली होती. जुन्या ठरावाला न्हाई आणि नव्याला व्हय. सगळ्यांत वरचा नंबर त्याच्याच घराचा होता. तो दिसतो, कायमचा दिसतो. पूर्वी असतं तर मला कधीच कळलं नसतं, कुणी माझ्यासाठी काय केलं ते. आणि मलाच नव्हे, कुणालाच कळलं नसतं. ते बरं होतं की हे बरं, ह्याचा मी विचार करतो. अजून ठरत न्हाई. पण जुन्या पडवीतला तो एकटेपणा मला फार आठवतो. पुढं सगळा गाव बोलतोय, मागं आपण एकटे, पान, सुपाऱ्या, वटवाघळांचा वास. तिथं माणूस आपल्या बाजूनं न्हाई, की शेजाऱ्याच्या बाजूनं न्हाई, असा एक क्षण असायचा.

पावसाळा जड गेला. आषाढात एकदा आणि श्रावणात एकदा जीपनं बायकोला नेलं. दोन्ही वेळा टॉवर बंद होता. दोन्ही वेळा ती परत आली, आणि दवाखान्यातल्या पातळ डाळीला नावं ठेवत आली.

दसरा झाला. ठरल्याप्रमाणं ड्रायव्हरनं जांभळीखालून जीप काढली. बायकोनं त्याच्याकडं सोबत्याच्या सुनेसाठी नाचणीचे लाडू दिले. त्यानं विचारलं, "आज्जी, थंडीत काय झालं तर?"

"तर तू हायस की. सड्यावरून हाक मारू. पावसातच तर टॉवर मरतो," ती म्हणाली. "जा आता, ऊन चढंल."

जीप वळणाआड गेली. तांबडी धूळ बराच वेळ हवेत होती. बायको अंगणात उभी होती, तिला त्या धुळीनं खोकला आला. मी ओटीवर होतो. पाणी आणायला उठलो न्हाई, उठलो असतो तर ती रागावली असती. खोकला थांबायची वाट बघत राहिलो. थांबला. मग ती पदरानं तोंड पुसून म्हणाली, "बघताय काय? गुरं सोडा."